सासूबाईंना गरम पाणी हवंय, नवऱ्याला कडा चढायचाय, आणि मला नुसतं बसायचंय

"ताई, नमस्कार. ह्या मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही चौघं स्वित्झर्लंडला जायचं म्हणतोय, मी, नवरा, अकरा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. सासूबाई सदुसष्टच्या आहेत, गुडघे दुखतात, बीपीची गोळी चालू आहे. त्यांना कुणीतरी सांगितलंय की तिथे लॉयकरबाड नावाचं डोंगरातलं गाव आहे, तिथल्या गरम पाण्यात बसलं की गुडघे मोकळे होतात, तेव्हापासून घरात तेच चाललंय. नवऱ्याने त्याच गावातल्या कड्यावर लोखंडी शिड्यांनी चढणाऱ्यांचे व्हिडिओ बघितलेत, त्याला ते करायचंच आहे आणि पोरालाही न्यायचंय. आणि मी खरं सांगू का, ऑफिस आणि घर करून इतकी दमलेय की मला कुठे चढायचं नाही, काही बघायचं नाही, नुसतं बसायचंय. नवऱ्याच्या एक्सेलमध्ये आठ दिवसांत सहा ठिकाणं आहेत आणि लॉयकरबाडला एक रात्र. सासूबाई म्हणतात मी पंजाबी ड्रेस घालूनच पाण्यात उतरणार. त्यात आम्ही शाकाहारी, आणि तिकडचे लोक टकामका बघत बसतील ही त्यांना वेगळीच भीती. सगळ्यांना खूश कसं ठेवू? तिकिटं अजून काढलेली नाहीत.
– मधल्यामध्ये अडकलेली"

अगं अडकलेली, तिकिटं काढली नाहीस हे फार बरं केलंस, कारण पहिला घोळ त्या मे महिन्यातच आहे.

आपल्याकडे शाळांना मेमध्ये सुट्टी म्हणून सगळे मेमध्ये निघतात, आणि ट्रॅव्हल कंपन्याही 'बेस्ट सीझन' म्हणून विकतात, पण आल्प्समधल्या उंचावरच्या गावांसाठी मे म्हणजे दोन सीझनमधला गॅप असतो. स्कीइंग संपलेलं असतं आणि उन्हाळा अजून सुरू झालेला नसतो, तेवढ्यात केबल कारवाले काही आठवडे बंद ठेवून मेंटेनन्स उरकून घेतात, बरीच हॉटेलं पण बंद असतात आणि मालक लोक स्वतःच सुट्टीवर गेलेले असतात. गरम पाण्याची केंद्रंसुद्धा वर्षातून काही दिवस सफाई-दुरुस्तीला बंद असतात ते बहुतेक अशाच वेळी. लॉयकरबाड गाव साधारण १४०० मीटरवर आहे, तिथे मेमध्ये हिरवंगार असेल, पण वरची गेमी खिंड २३०० मीटरच्या आसपास, तिथे तेव्हा चिक्कार बर्फ असतो, डाउबनझे नावाचा तलाव आहे तो पण बऱ्याचदा गोठलेलाच. म्हणजे गरम पाणी मिळेल एकवेळ, पण नवऱ्याचं अर्धं एक्सेल तिथेच बाद.

मला विचारशील तर दोन पर्याय आहेत. शाळा परवानगी देत असेल तर जूनचा शेवट किंवा जुलै. नाहीतर दिवाळीची सुट्टी, ज्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरात येते त्या वर्षी. ऑक्टोबरात तिथली लार्चची झाडं पिवळीधमक होतात, ह्या झाडाची सुयांसारखी पानं हिवाळ्याच्या आधी रंग बदलून गळून पडतात, अख्खे डोंगरउतार सोनेरी दिसतात, गर्दी कमी, हवा कोरडी, आणि थंडी पडलेली असल्यामुळे गरम पाण्यात बसायची मजा जुलैपेक्षा कितीतरी जास्त. फक्त नोव्हेंबर लागला की परत केबल कार बंद व्हायला लागतात, तेव्हा फार उशीर नको.

आता ती एक रात्र. एका रात्रीत तिथे काय होतं सांगते: झुरिचहून ट्रेनने फिस्प, तिथे गाडी बदलून लॉयक, तिथून अर्ध्या तासाची वळणावळणाची बस, सगळं मिळून तीनेक तास, पोचेपर्यंत दुपार, बॅगा टाकून घाईघाईत पाण्यात उतरायचं, सकाळी उठून परत बॅगा. सासूबाईंचे गुडघे ह्यात सुटायच्या ऐवजी आणखी धरतील. सहातली निदान दोन ठिकाणं खोडायला सांग आणि इथे चार रात्री टाक. नवरा कुरकुरेल, पण त्याला सांग की डोंगरातली हवा एका दिवसात कधीच भरवशाची नसते, चार दिवस असले तर एक तरी स्वच्छ मिळतो आणि त्याचा तो कडा त्याच दिवशी करता येतो. हा मुद्दा त्याला लगेच पटेल बघ.

आणि मुख्य म्हणजे चौघांनी सगळं एकत्र करायचं हा हट्टच सोडून दे. तुझ्या पत्रातली खरी गोची मला तीच वाटली. फॅमिली ट्रिप म्हणजे सकाळपासून रात्रीपर्यंत चौघं एका दोरीने बांधलेले असं कुणी ठरवलंय? असल्या गावाचा फायदाच हा आहे की सगळं चालत पोचण्यासारखं आहे, सासूबाई पाण्यात, नवरा वर, पोरगं कधी इकडे कधी तिकडे, आणि संध्याकाळी जेवायला सगळे परत एकत्र. गाव लहान, सुरक्षित, कुणी हरवायला जागाच नाही.

आता सासूबाईंचं. तिथलं पाणी जमिनीतून ५१ अंशांपर्यंत गरम निघतं आणि रोज जवळपास ३९ लाख लिटर, त्यामुळे ते थंड करून कुंडांत सोडतात, बहुतेक ठिकाणी ३५ ते ३८ च्या दरम्यान. खाली ज्वालामुखी वगैरे काही नाही हं. डोंगरावर पडलेलं पावसाबर्फाचं पाणी खडकांतल्या भेगांतून खूप खोल जातं, खाली जावं तसं दर किलोमीटरला पंचवीस-तीस अंशांनी तापत जातं आणि मग फटींमधून भराभर वर येतं. वाटेत खडकातलं कॅल्शियम आणि सल्फेट विरघळून घेतं, पण गंधकाच्या झऱ्यांसारखा सडक्या अंड्याचा वास नाही येत. गुडघ्यांबद्दल खरं सांगायचं तर पाण्यात वजन तरंगतं म्हणून सांध्यावरचा भार कमी होतो आणि उबेने स्नायू सैल पडतात, त्यामुळे बरं वाटतं, खरंच वाटतं, पण झिजलेला गुडघा काही परत भरून येत नाही. तेवढी अपेक्षा आत्ताच जरा खाली आणून ठेव, नाहीतर परत आल्यावर 'काही फरक नाही पडला' हे तुलाच ऐकावं लागणार.

बीपीचं मात्र हसण्यावारी नेऊ नकोस. गरम पाण्यात रक्तवाहिन्या पसरतात, प्रेशर खाली येतं, त्यात गोळी घेतलेली असली की आणखी खाली, आणि माणूस झटकन उठून पायऱ्या चढायला लागला की डोळ्यासमोर अंधारी. म्हणून निघायच्या आधी त्यांच्या डॉक्टरांना नीट विचार, आणि तिथे एका वेळी पंधरा-वीस मिनिटंच, मग बाहेर येऊन आरामखुर्चीत पडून राहायचं, पाणी प्यायचं, मग वाटलं तर पुन्हा. बाहेर पडताना कठडा धरून सावकाश. उपाशीपोटी नको आणि भरपेट जेवून पण नको. सॉना, म्हणजे कडक तापवलेल्या खोलीत बसणं, आणि नंतर गार पाण्याची उडी हा प्रकार त्यांच्यासाठी डॉक्टरांनी स्पष्ट हो म्हटल्याशिवाय नाहीच.

ड्रेसचं म्हणशील तर नाही चालणार. सुती कपडे, पंजाबी ड्रेस, लेगिंगवर टी-शर्ट, नवऱ्याची साधी बर्म्युडा आत चड्डीसकट, ह्यातलं काहीच तिथे पाण्यात घालू देत नाहीत, स्विमिंगच्याच कापडाचं हवं. पण गुडघ्यापर्यंत पाय आणि हाताला बाही असलेले स्विमसूट मिळतात, तसला एक घ्या आणि जायच्या आधी केंद्राला त्याचा फोटो टाकून ईमेलवर विचारून घ्या. वर अंगावर घ्यायला बाथरोब आणि सपाता न्या, पाण्यातून निघाल्या निघाल्या गुंडाळून घेतलं की त्यांना अवघड वाटणार नाही. अजून एक, त्या गावातल्या बऱ्याच हॉटेलांत स्वतःचं छोटं गरम पाण्याचं कुंड असतं, थोडे जास्त पैसे गेले तरी तसलं हॉटेल घे, सकाळी सातला तिथे फारसं कुणी नसतं, पहिल्या दिवशी भीड चेपायला उत्तम.

गंमत म्हणजे त्या दीडशे वर्षं आधी गेल्या असत्या तर त्यांचा ड्रेस आरामात चालला असता! तेव्हा तिथे बायकापुरुष सगळे लांब झगे घालून एकाच मोठ्या कुंडात तासन् तास बसायचे, समोर पाण्यावर तरंगते ट्रे, त्यावर कॉफी, पेपर, बुद्धिबळाचा पट, आणि कठड्याला टेकून बाकीचे लोक बघायला उभे. हे त्यांना नक्की सांग, निम्मा संकोच तिथेच जाईल.

पण एक गोष्ट तुम्हा सगळ्यांना आधीच माहीत असलेली बरी, कारण ही पाटी न वाचता आत गेलं की फार पंचाईत होते. गरम पाण्याच्या कुंडांत स्विमसूट सक्तीचा, पण सॉनाच्या भागात बहुतेक ठिकाणी उलटं, तिथे कपडे घालायचेच नसतात, बायकापुरुष एकत्र, आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. आल्पेनथेर्मे ह्या तिथल्या गरम पाण्याच्या केंद्रात रोमन-आयरिश बाथ म्हणून दोन तासांचा प्रकार आहे, वाफ, मसाज, वेगवेगळ्या तापमानाचं पाणी, तो पण तसाच, विनावस्त्र. तुला जमत असेल तर खुशाल जा, नसेल तर अजिबात जाऊ नको, पण 'पॅकेजमध्ये आहे' म्हणून सासूबाईंचं तिकीट काढू नकोस एवढंच.

लोक टक लावून बघतील का, तर आता नाही. १९५१ च्या सुमाराला जेम्स बाल्डविन हा अमेरिकन लेखक ह्या गावात येऊन राहिला होता, तेव्हा गावातल्या बहुतेकांनी कृष्णवर्णीय माणूस कधी बघितलाच नव्हता, पोरं रस्त्यात त्याच्या मागे ओरडत जायची. त्याने ते सगळं पुढे लिहिलं, आणि ते वाचताना आजही अंगावर येतं. पण तेव्हाचं ते दूरचं, सहज न पोचता येणारं गाव आता पर्यटनावर जगतं, जगभरचे लोक येतात, तुमच्याकडे कुणी ढुंकूनही बघणार नाही. बघितलंच तर मोठ्याने बोललात म्हणून. पाण्यात सगळे कुजबुजत बोलतात, तेवढं पोराला सांगून ठेव. पोरासाठी घसरगुंड्या वगैरे असलेलं दुसरं केंद्र, लॉयकरबाड थेर्मे, बरं, आल्पेनथेर्मे जरा शांत, ते तुला आणि सासूबाईंना.

आता नवरोबा. तो जो व्हिडिओ त्याने बघितलाय तो बहुतेक डाउबनहॉर्नचा असणार, स्वित्झर्लंडमधली सगळ्यात लांब वाया फेराटा. गावाच्या डोक्यावर जो सरळसोट कडा दिसतो त्यावरून लोखंडी केबल आणि शिड्यांनी जवळजवळ २९४० मीटरच्या शिखरापर्यंत. पूर्ण रूट म्हणजे अख्खा दिवस जातो आणि तो अनुभवी लोकांसाठीच आहे, जिममध्ये जातो हा अनुभव नव्हे. खालचा लहान टप्पा वेगळा करता येतो, तोही पहिल्यांदा करणाऱ्याने गाइड घेऊनच. दुपारी ढग भरून येतात, आणि विजा कडाडत असताना लोखंडी केबलला अडकून उभं राहणं म्हणजे काय ते त्याला कल्पना करू दे, म्हणून पहाटे निघायचं आणि फोरकास्ट खराब असेल तर रद्द करायचं, आदल्या दिवशी पैसे भरलेत म्हणून जायचं नाही.

पोराला नाही. हे मी काळजी म्हणून नाही म्हणत, साधा हिशोब आहे. कमरेच्या हार्नेसला जे दोन पट्टे केबलला अडकवतात त्यात झटका शोषणारा भाग असतो, तो ४० ते १२० किलो वजनासाठी बनवलेला असतो, त्यापेक्षा हलकं मूल पडलं तर तो भाग नीट उघडतच नाही आणि सगळा हिसका अंगावर बसतो. अकरा वर्षांचं पोर चाळीस किलोच्या आत असण्याची शक्यता भरपूर. अशा मुलांना गाइड वेगळ्या दोराने धरून सोप्या रूटवर नेतात, हा कडा त्यातला नाही.

पोराचं काही नुकसान होत नाही पण, त्याच्यासाठी डाला नदीच्या घळीतला लोखंडी पूल आहे, घळीच्या भिंतीलाच बसवलेला, साधारण ६०० मीटर, खालून पाणी धडाडत जातं आणि गरम झरे कुठून निघतात ते दिसतं. दुसऱ्या दिवशी सगळे मिळून गेमीला जा, केबल कार काही मिनिटांत वर सोडते, सासूबाईंना वरच्या रेस्टॉरंटच्या गच्चीत ऊन खात बसवा, समोर सगळी बर्फाची शिखरं एका रांगेत. तिथून डाउबनझेपर्यंत उतरून काठाने फिरायचं, चढउतार फारसा नाही. मार्मोट नावाचे गुबगुबीत प्राणी शिट्ट्या मारत बिळांतून डोकावतात, आणि नशीब असेल तर दाढीवालं गिधाड दिसतं, पंख पसरले की पावणेतीन मीटरपर्यंत भरतं. आल्प्समधून माणसाने ते मारून संपवलं होतं, १९८६ पासून परत आणून सोडायला सुरुवात केली. दुर्बीण घ्या. जुलैच्या शेवटच्या रविवारी गेलात तर त्या तलावाकाठी मेंढपाळांचा मेळा असतो, शेकडो मेंढ्या डोंगरावरून मीठ चाटायला धावत खाली येतात.

नवरा आणि पोरगं उत्साही असतील तर ते दोघं गेमीवरून श्वारेनबाखमार्गे झुनब्यूएलपर्यंत चालत जाऊ शकतात, तीनेक तास, बहुतेक उतार, आणि तिथून केबल कारने खाली कांडरस्टेगला उतरून ट्रेन-बसने फिरून परत. परतीला वेळ लागतो, म्हणून सकाळीच निघायचं. गेमीहून गावात पायी उतरायची वाट पण आहे, अठराव्या शतकात कड्यातच कोरून काढलेली, दिसायला भन्नाट, पण ९०० मीटरचा उतार म्हणजे गुडघ्यांची वाट लागते, त्यापेक्षा ती चढावी आणि येताना केबल कार घ्यावी. पाट्यांवर किलोमीटर नसतात, वेळ लिहिलेला असतो आणि तो न थांबता चालणाऱ्याचा, फोटो काढत चालणाऱ्यांनी दीडपट धरायचा. पिवळी पाटी साधी वाट, पांढरी-लाल-पांढरी डोंगरवाट, पांढरी-निळी-पांढरी दिसली की मागे फिरा. आणि वाट बंद असा बोर्ड असेल तर बंदच. शेजारच्याच खोऱ्यात ब्लाटन गाव होतं, २०२५ च्या मेमध्ये डोंगर हलतोय म्हणून तिथल्या तीनेकशे लोकांना आधीच बाहेर काढलं आणि २८ मेला हिमनदी कोसळून जवळजवळ अख्खं गाव गाडलं गेलं. तिकडचे लोक उगाच बोर्ड लावत नाहीत.

क्रम एक लक्षात ठेवा, आधी डोंगर मग पाणी. सकाळी तासभर गरम पाण्यात पडून मग चढायला गेलं की पाय लोळागोळा होतात आणि झोप येते ती वेगळीच. उलट दिवसभर चालून संध्याकाळी पाण्यात उतरलात, गार हवा तोंडावर आणि समोर कडा, की मग नवरा पण तुझ्यासारखाच नुसता बसेल.

खाण्याचं फार टेन्शन नको. हे गाव ज्यात येतं तो वालिस प्रांत म्हणजे राक्लेटचं माहेर, वितळलेलं चीज आणि उकडलेले बटाटे, शिवाय किसलेल्या बटाट्याची रोश्टी आहे, सूप आहे, राईचा घट्ट काळपट ब्रेड आहे. फक्त कडक शाकाहारी असाल तर हे ऐकून ठेवा की तिथली पारंपरिक चीज वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दुधाला घट्ट करणारं विरजण, घालून करतात. चालत नसेल तर किचनवालं अपार्टमेंट घेऊन सुपरमार्केटमधून भाज्या आणा, तसंही एक फ्रँक आपल्या शंभर रुपयांच्या वर जातो तेव्हा चौघांचं रोज बाहेर खाणं खिशाला फार लागतं. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका, नळाचं पाणी बिनधास्त प्या. प्रवासाला हाफ फेअर कार्ड बघा, ट्रेन, बस आणि बऱ्याच केबल कारना अर्धं तिकीट, आणि त्याच्यासोबत फॅमिली कार्ड मागितलं की पोराचा प्रवास आईवडलांबरोबर फुकट.

हो, आणि त्या व्हॉट्सॲप फॉरवर्डबद्दल कुणीतरी विचारेलच तुला, 'स्वित्झर्लंडमधलं गाव राहायला पैसे देतंय' वालं. ते खरं आहे, शेजारचंच अल्बिनेन, मोठ्या माणसामागे २५००० फ्रँक, पण वय पंचेचाळीसच्या आत, तिथला कायमचा परवाना, दोन लाख फ्रँकचं घर आणि दहा वर्षं मुक्काम. तेव्हा नवऱ्याला एक्सेलमध्ये नवा कॉलम टाकायला लावू नकोस.

इन्शुरन्सचं मात्र त्याच्याकडूनच करून घे. शेंगेन व्हिसासाठी ३०००० युरोचा असतोच, पण बऱ्याच पॉलिसीत वाया फेराटा, स्कीइंग असल्या गोष्टी वगळलेल्या असतात, आणि तिथे डोंगरातून हेलिकॉप्टरने उचलून आणणं फुकट नसतं. बारीक अक्षरं वाचायची, ॲडव्हेंचर स्पोर्ट्सचं कव्हर आणि रेस्क्यू लिहिलेलं असेल तरच कडा. फोनमध्ये १४४ सेव्ह करा सगळ्यांनी, वालिसमध्ये डोंगरातली इमर्जन्सी पण ह्याच नंबरवर.

राहिलीस तू. सगळ्यांना खूश कसं ठेवू असं विचारतेस, आणि त्या सगळ्यांत तू स्वतःला धरलेलंच नाहीस. चार दिवसांतला एक अख्खा दिवस तुझ्या नावावर लिही, त्या दिवशी सासूबाईंना पाण्यात सोबत करायची ड्युटी नवऱ्याची आणि पोराच्या मागे धावायची पण त्याचीच. तू आल्पेनथेर्मेमध्ये दिवसाचं तिकीट काढ, फोन लॉकरमध्ये टाक, कुणी विचारलं तर रेंज नव्हती म्हणून सांग. आणि हा दिवस नवऱ्याच्या कड्याच्या आधीचा घे, नंतरचा नको, कारण कडा चढून आल्यावर दुसऱ्या दिवशी तो 'अंग दुखतंय' म्हणून पडून राहणार आणि तुझी सुट्टी परत दोघांच्या पायांना तेल चोळण्यात जाणार.